नवनाथांतलं नाव

“नाव सांगितल्याशिवाय वर सोडता येत नाही, बाई,” दारावरचे रज्जाकभाई म्हणाले.

मालनबाईने पदर ओठांशी धरला. “मालकांचं नाव कसं घिऊ?”

नगरच्या भर पेठेतली ती लाल विटांची कचेरी पाहूनच ती बावचळली होती. घोडेगावात भिंतीच्या विटा उघड्या राहिल्या की घरधन्याचा हात आखडला असं समजतात. इथे तर दोन्ही मजल्यांना गिलाव्याचा पत्ता नव्हता आणि तरी दोन विटांत नख शिरलं नसतं. दर्शनी बाजूला विटांचीच जाळी होती. तिच्यातून ऊन आत येऊन गोल जिन्यावर सांडलं होतं.

“गिलावा ऱ्हायलाय व्हय अजून?” तिने विचारलं.

रज्जाकभाई हसले. “साहेबलोकांनी असंच बांधून घेतलंय. स्वातंत्र्यानंतरची फॅशन ती.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खडी फोडून भेगाळलेले हात तिने पदराखाली घेतले. दुष्काळी कामावर खाडा करून ती आली होती. दिवाळीपासून मालक गावाकडे फिरकले नव्हते. मुकादमाच्या बायकोने चारचौघींत तिला ‘टाकलेली’ म्हटलं, तेव्हा तोंड वर करून ती बोलून बसली होती, “उद्या संगंच घिऊन येते त्यान्ला.” आता एकटीने परतायची सोय उरली नव्हती.

“बरं, खूण तरी सांगा,” रज्जाकभाई म्हणाले.

“नवनाथांतलं हाय.”

त्यांना गंमत वाटली. “मच्छिंद्र? गोरख? जालिंदर?”

ती मान हलवत राहिली.

“मग आमचे आवक-जावकवाले गहिनीनाथ?”

मालनबाईने खाली पाहिलं. कानाच्या पाळ्या तापल्या. एवढ्या मोठ्या इमारतीत आपल्या माणसाला ओळखतात, याचं तिला लाजतालाजता बरंही वाटलं.

तेवढ्यात जिन्यावरून एक तरणी बाई सावकाश उतरली. हातात रिकामा डबा होता, दिवस भरत आलेले दिसत होते. पायऱ्यांकडे न बघताच ती वळण घेत होती, इतका तो जिना तिच्या पायाखालचा होता.

“वहिनी,” रज्जाकभाईंनी हाक मारली, “तुमच्या शेतावरची बाई आलीय वाटतं. नाव घेत नाही, नुसतं मालक मालक करतेय.”

ती बाई जवळ आली. मालनबाईच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहून तिला कणव आली असावी.

“उन्हाचं आलात हो. हे वरच आहेत, आत्ताच जेवले. बोलावू का?” तिने आपुलकीने विचारलं. “कोण तुम्ही त्यांच्या?”

मालनबाईने तिच्या पोटाकडे पाहिलं. मग ओठांवरचा पदर खाली केला.

“बहीन,” ती म्हणाली, “गहिनीनाथाची.”