हिरडीचं कलम

"आ करा. आणखी मोठा," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दोन आठवड्यांपूर्वी तिच्या तोंडातल्या टाळूची पातळ साल काढून खालच्या दातांपाशी शिवली होती. आपलं नशीब बघता ती साल काळी पडून गळणार, असंच ती धरून चालली होती. डॉक्टरीणबाईंनी शेवटचा टाका काढला आणि आरसा पुढे केला.

"बघा, कलमाने जीव धरलाय. कशी गुलाबी झालीय! आता तेवढं दात घासणं आवरा. हिरड्या आपोआप नाही खाली गेल्या, तुम्ही त्या खरवडून काढल्यात."

तिचा हात चटकन तोंडावर गेला. "घासावं लागतं हो. वास येतो ना."

लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्याने तसं सांगितलं होतं आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं होतं. तेव्हापासून ती राठ ब्रशने उठता-बसता दात घासे, फेस लाल होईस्तोवर. हसायची ती ओठ मिटून. नोकरी तिकीटखिडकीवर, तिथे काचेआडून तेवढी मोकळं बोले. पोटच्या पोरीचा पापाही तिने श्वास रोखून घेतला होता.

डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला, तिचा हात बाजूला सारला आणि त्या अगदी जवळ वाकल्या. "ताई, तुमच्या तोंडाला काडीचाही वास नाही. पहिल्यांदा आलात तेव्हाही नव्हता. कुणी डोक्यात भरवलं हे?"

परतताना बसमध्ये शेजारच्या बाईशी ती तोंडावर हात न धरता बोलली. बाईने तोंड फिरवलं नाही. तिला उलट नवऱ्याचीच कीव आली. बिचाऱ्याचं नाकच बिघडलेलं असणार.

घरी तो बूट पुसत बसला होता.

"अहो, ऐकलंत का? माझ्या तोंडाला वास नव्हताच कधी! आता तुमचंच नाक दाखवू या कुणाला तरी." ती हसली. चांगली दात दिसतील अशी हसली.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"वास नव्हता ते." त्याने दुसरा बूट हातात घेतला. "तू जवळ आलेलं नको होतं मला. तसं तोंडावर कसं सांगायचं? म्हणून वास म्हटलं."