सोळा टाके

शाल अर्धी विणून झाली आणि अक्कांचा उजवा हात लुळा पडला. पणतीचं बारसं आठवड्यावर आलं, तेव्हा त्यांनी क्रोशाची सुई धाकट्या जावेच्या, कुंदाच्या, हाती दिली.

अक्कांच्या विणीत चार इंचांत खांबाचे सोळा टाके बसायचे. कुंदाने तीनदा नमुन्याचा तुकडा विणून पाहिला. तिन्ही वेळा वीस भरले. असं विणलं तर शाल मधूनच आक्रसली असती.

"तुझा हात पहिल्यापासून आखडता. वरणसुद्धा पळीभरच वाढतेस," अक्का म्हणाल्या.

चौथा तुकडा विणता विणता कुंदा थांबली. "तुम्ही समोर बसलात की आखडतो, अक्का. चाळीस वर्षं झाली."

अक्का हळूच म्हणाल्या, "सासूबाई शेजारी उभ्या राहिल्या की माझ्या पुरणपोळ्या फाटायच्या. पदराखाली लपवून मी त्या गाईला घालायचे."

"म्हणजे ती गाय तुमच्यामुळे माजली होती?"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसताच कुंदाचा तुकडा पुरा झाला. अक्कांनी डाव्या हाताने शेवटच्या ओळीवर टेप धरली. बरोबर सोळा.

"आता वरणही असंच वाढ," त्या म्हणाल्या.