जीपची पहिली फेरी

मळ्यातून सोलापूरच्या दवाखान्यात रोज सुईला जायचं, एसटीत आईला उभं राहवेना. म्हणून शिवप्पानं एकाहत्तरच्या लढाईनंतर लिलावात निघालेली जुनी जीप शनिवारी दारात आणली. “अव्वा, चल की, सुईची वेळ झाली!” “पूजेआधी पाय ठेवत्यात व्हय?” म्हातारी हसली. “सोमवारी नारळ फोड, मग बसते. दोन दिसांत काय मरत न्हाय.” “चला की अत्ती,” सून कमलम्मा म्हणाली. “तुलाच नवऱ्याशेजारी बसायची लई घाई!” अव्वानं टोमणा मारला. शिवप्पानं आईचं ऐकलं; सुई चुकली. रविवारी दुपारी अव्वा गेली. लिंगायतांत मृताला बसवूनच रुद्रभूमीत पुरायला नेतात. कपाळाला विभूती लावून, शालीनं सीटला बांधून त्यानं तिला शेजारी बसवलं. लेकीला कुशीत घेऊन मागं बसलेल्या कमलम्माला दिसत होतं, खड्डा आला की शिवप्पा गाडी हळू करी आणि डावा हात आईसमोर आडवा धरी.