पौर्णिमेचं बोलणं

चेन्नईजवळच्या तांबरमला दर रविवारी ऑफिसची मंडळी फासे टाकत राक्षस-जादूगारांचा खेळ खेळतात, सगळं तमिळ नाहीतर इंग्रजीत. निनाद त्यात नरलांडगा असतो. नियम असा, की पौर्णिमा झाली की लांडग्याचं बोलणं कुणालाही कळता कामा नये. म्हणून तेव्हा तो मराठीत बोलतो.

आज खेळ चालवणाऱ्या सौम्याने पौर्णिमा जाहीर केली. निनाद घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आज आमटी तुझ्यासारखी जमली, आई. सांगायला फोन उचलला, मग आठवलं, तू नाहीस आता."

टाळ्या पडल्या. "सेमा, मच्चान," शेजारच्याने तमिळमध्ये दाद दिली, "भीतीच वाटली."

"चंद्र मावळला," सौम्या म्हणाली. "तू परत माणूस. कसं वाटतंय?"

निनाद इंग्रजीत म्हणाला, "फाइन."