बंद कंट्रोलर

"बाण, बाण आणि बाण," म्हणत नवऱ्याने कंट्रोलर मांडीवर आपटला. "पुढे जा, डावीकडे वळ, दार उघड. अरे, मला डोळे दिलेत ना देवाने?"

ती लेकीसमोर, ठकीसमोर, जमिनीवर चित्रांचे पत्ते मांडून बसली होती. तिने मान वर केली नाही. नवरा टीव्हीवरच्या, पदोपदी बाणांनी वाट दाखवणाऱ्या गेमला बोलत होता. तो बनवणाऱ्या कंपनीला हे ऐकू जाण्याची सोय नव्हती, म्हणून रोज घरच्यांनी ऐकायचं.

आता पुढचंही तिला पाठ होतं. बड्या कंपन्या अर्धाकच्चा गेम विकतात आणि उरलेला 'अपडेट' म्हणून पाठवतात. चार पावलं चाललं की नाणी उधळतात, जणू खेळणारा माणूस नसून सर्कशीतलं अस्वल आहे. एक दिवस खेळला नाहीत तर बक्षीस कापतात. खरे गेम म्हणजे इंडी. कुणीतरी दोघा-तिघांनी कंपनीबिंपनीशिवाय घरच्या घरी बनवलेले. सध्या त्याच्या लाडक्या इंडी गेममध्ये एक मुलगी रिकाम्या बेटावर हिंडायची. बस, एवढंच. त्यावर तो व्हिडिओही बनवायचा. ते व्हिडिओ त्याची मावशी बघायची, आणि तीसुद्धा बहुधा चुकून.

"पण करायचं काय असतं त्यात?" तिने एकदा विचारलं होतं.

"काही नाही. थांबायचं. मग आपोआप कळतं."

भरलेल्या कचऱ्याच्या डब्यासमोरही असंच थांबून बघ, कळतं का, असं तिने त्याला सुचवलं होतं. तिथे मात्र त्याला बाण लागायचा.

ठकीचं तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि ती बोलत नव्हती. कान तपासून झाले. ते ठणठणीत होते. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम दर आठवड्याला घरी यायच्या. आज दुपारी त्या पुन्हा येणार होत्या. आजही तोंडातून शब्द निघाला नाही तर मोठ्या तपासण्यांना पाठवू, असं मागच्या खेपेला त्या सहज बोलून गेल्या. त्यांनी सहज म्हटलेलं ते वाक्य त्या दिवसापासून हिच्या छातीत मुक्काम ठोकून होतं.

म्हणून तिने घरभर मोहीम उघडली होती. फ्रिजवर, कपाटावर, नळावर लाल कागदाचे बाण, आणि प्रत्येक बाणाखाली ठसठशीत अक्षरांत त्या वस्तूचं नाव. ठकीला वाचता येत नव्हतं, हा किरकोळ मुद्दा. ओठ नुसते हलले तरी बक्षीस म्हणून चिकटवायची एक चांदणी. शिवाय टॅबलेटवर एक अ‍ॅप. त्यातला धडा एक दिवस जरी चुकला तरी कोंबडीचं पिल्लू रडायचं. खरं तर आधी आईच रडायची.

"म्हण, ठकू. पा-णी."

ठकीने औषधाचा चमचा पुढे आल्यासारखे ओठ घट्ट मिटले.

मॅडम यायची वेळ झाली होती. निदान पसारा तरी आवरावा म्हणून ती उठली. ठकी लगेच बापाकडे सरकली. त्याने बेटाचा गेम लावला आणि नेहमीप्रमाणे तिच्या हातात जुना कंट्रोलर दिला. तो कशालाच जोडलेला नव्हता. घरातल्या लहानग्यांना गुंतवून ठेवायची गेमर मंडळींची ही ठेवणीतली युक्ती. पोर बटणं दाबतं, पडद्यावर बाप खेळतो, आणि पोराला वाटतं आपणच जिंकलो. ती याला फसवणूक म्हणायची. त्याच्या मते हे बालसंगोपन होतं.

ठकीने थोडी बटणं दाबली. पडद्यावरची मुलगी समुद्राकडे बघत उभी राहिली. बापही तिच्यासारखाच, ढिम्म. त्याने काही दाखवलं नाही, काही विचारलं नाही. बराच वेळ खोलीत फक्त लाटांचा आवाज होता.

मग ठकी म्हणाली, "हा बंद आहे."

दारात कपड्यांचा ढीग घेऊन उभ्या असलेल्या आईच्या हातातून ढीग खाली आला. नवऱ्याला मात्र दुकानात सुटे पैसे मागितल्याइतकंही नवल वाटलं नाही. तो "बरं" म्हणाला, आपला चालू कंट्रोलर लेकीला दिला आणि तिचा बंद स्वतः घेतला.

तोवर आई चांदण्यांचा कागद घेऊन पोचली होती. "काय म्हणालीस, सोन्या? परत म्हण. बंद म्हण. आता पाणी म्हण." एक चांदणी कपाळावर बसली, एक गालावर. ठकीचं तोंड मिटलं. कंट्रोलर मांडीवरून घसरला.

"असं कुणी मागे लागलं ना," नवरा तो उचलून पडद्याकडे बघत म्हणाला, "की मीही गेम बंदच करतो."

टोमणा मारण्याइतकं चातुर्य त्याच्याकडे नव्हतं. तो खरोखर गेमबद्दलच बोलत होता. तिने खोलीभर नजर फिरवली. फ्रिज, कपाट, नळ. सगळे बाण तिनेच कापले होते. मुठीत चांदण्या होत्या.

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने काहीही केलं नाही. लग्न झाल्यापासून इतकं अवघड काम तिच्या वाट्याला आलं नव्हतं. हात मोकळे ठेवणं धोक्याचं, म्हणून तिने त्यांची घडी घातली.

बाहेर लाटा. मग पुन्हा नुसत्याच लाटा. तिला वाटलं, संपलं, आपणच घालवलं.

"तिकडे नको."

"बरं."

"पाण्यात जाऊ या."

तेवढ्यात बेल वाजली. तिने धावत जाऊन दार उघडलं, पण बोटभरच. बाहेर मॅडम पिशवी सावरत होत्या. त्यांनी नेहमीचा साखरेतला आवाज लावला होता, "कुठंय आमचा पोपट?" तिने फटीतूनच ओठांवर बोट ठेवलं.

"मॅडम, आज आपण दोघींनी गप्प बसायचं," ती कुजबुजली. "आत ठकी बोलतेय."