कानामागची चकती

चहा उतू गेल्याचा चुर्र आवाज झाला तशी शाल्मली भानावर आली. हळदीकुंकवाला शेजारणी येतीलच, म्हणून तिने घाईघाईने कानामागे चकती चिकटवली. मुखदुर्बळ माणसालाही तासभर बोलकं करणारी ती चकती तिने केसांआड लपवली.

नागालँडची अरेनला आली, केरळची शेरीन आली. शाल्मलीने दोघींना वाण दिलं, त्यांच्या गावाकडचं विचारून विचारून खूप हसवलं.

"किती लाघवी आहेस गं! आमच्यासारख्या परक्यांनाही जीव लावतेस," शेरीन म्हणाली.

शाल्मलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एरवी ती या दोघींना जिन्यातही टाळायची.

इतक्यात चार वर्षांची ईरा मांडीवर चढली आणि आईचे केस बाजूला करून म्हणाली, "आई, घरी आपण दोघीच असतो तेव्हा का नाही गं लावत ही?"