पाणी कुठवर चढलं होतं

चिपळुणात घरांची दलाली करणाऱ्या मृणालने गिऱ्हाइकं मिळावीत म्हणून ब्लॉग सुरू केला. पहिल्याच लेखात, कुठल्या इमारतीत पुराचं पाणी कुठवर चढलं होतं, ते तिने लिहून टाकलं.

लगेच रेडीज बिल्डरांचा फोन आला. "ताई, आता माझे फ्लॅट कोण घेणार?"

"शेठ, मी खोटं लिहिलंय का?"

"खरं असलं म्हणून चव्हाट्यावर मांडायचं? यापुढे माझी घरं दाखवू नका."

बाकीच्या बिल्डरांनीही पाठ फिरवली. मृणालकडे दाखवायला चार जुनी घरं तेवढी उरली. तरी तिने लेख काढला नाही.

वर्षभराने एका सकाळी रेडीजशेठ स्वतःच तिच्यासमोर येऊन बसले.

"लेक नातवंडांना घेऊन इकडेच राहायला येतेय. तिला घर दाखवाल?"

"तुमच्याच इमारतीत रिकामे फ्लॅट आहेत की."

"तिने तुमचं वाचलंय. म्हणाली, बाबा, तिथे मुलांना घेऊन मी राहणार नाही."

त्यांचा पडलेला चेहरा बघून मृणालला टोमणा मारवेना. तिने किल्ली उचलली. "चला शेठ. चढावर एक घर आहे. जुनं आहे, पण पुरात कोरडं राहिलं होतं."